बाल्टो की टोगो? आणि बाकीचे अठरा?

"नोमच्या मुलांना घटसर्पातून वाचवणारा खरा हीरो बाल्टो नव्हे, टोगो!" ही पोस्ट पुन्हा फिरते आहे. गोष्ट जानेवारी १९२५ची: बर्फाने वेढलेलं अलास्कातलं नोम, आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टप्प्याटप्प्याने पोचवलेलं औषध. बाल्टो आणि टोगो हे त्यातलेच दोन कुत्रे. बाल्टोचा उदोउदो जरा जास्तच झाला, हे मान्य. पण चूक सुधारताना पोस्टने दुसरी केली आहे.

"टोगो आणि त्याचा मालक सेप्पाला यांनी औषध आणलं." नेनाना ते नोम अंतर ६७४ मैल, गाडीवान २०. सेप्पालाने औषध वाहिलं ते ९१ मैल. सगळ्यात लांब टप्पा, तोही गोठलेल्या समुद्रावरून. त्याला तोड नाही. बाल्टोची गाडी हाकणाऱ्या कासेनचे ५३. उरले सुमारे ५३० मैल. ते कापणाऱ्यांत बहुसंख्य मूलनिवासी होते: अलास्काच्या आतल्या भागातले अथाबास्कन आणि किनारपट्टीवरचे. युकोन नदीकाठच्या चार्ली एव्हान्सचंच बघा. उणे पन्नास सेल्सिअसच्या आसपासची थंडी, आणि कुत्र्यांच्या जांघांना बांधायची सशाची कातडी नेमकी राहून गेलेली. पुढचे दोन कुत्रे गारठून कोसळले. त्यांना गाडीत घालून, म्हणतात, त्याने स्वतः पुढे होऊन गाडी ओढली; पुढच्या थांब्याला, नुलाटोला, पोचेपर्यंत दोन्ही मेले होते. दुसरा गाडीवान एडगर कॅलंड, त्याचे हात गाडीच्या दांड्याला असे चिकटले की गरम पाणी ओतून सोडवावे लागले, असं सांगतात. यांचे पुतळे? सेंट्रल पार्कात बाल्टोचा आहे, आणि त्यावरच्या मजकुरात माणूस एकही नाही.

"नॉर्वेच्या लोकांनी घसरगाड्यांची ही विद्या अलास्कात नेली." छे. औषध ज्या वाटेने गेलं, ती काल्टाग गावाहून किनाऱ्याकडे उतरणारी वाट मूलनिवासींच्या व्यापाराची जुनी वाट. आणि टोगो, बाल्टो हे सायबेरियन कुत्रे ज्या वाणाचे, तो सायबेरियातल्या चुक्ची या मूलनिवासी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला. म्हणजे कुत्र्याचंच कौतुक करायचं तरी पत्ता मूलनिवासींचाच निघतो.

"मोजून पाच-सात मुलं दगावली." हा आकडा नोंद झालेल्यांचा. नोमचे डॉक्टर वेल्च यांचाच नंतरचा अंदाज होता की गावाबाहेरच्या मूलनिवासी वस्त्यांत आणखी शंभरेक जणांना लागण झाली असावी. तिथले लोक आपली दगावलेली मुलं कुणाला न कळवता पुरत, असं त्यांचं म्हणणं.