पोलिसांच्या रिपोर्टात सगळं आहे

पक्या जाहिरातीच्या धंद्यातला. भानगड बाहेर आल्यावर खेळाडूनं माध्यमांसमोर कसं बोलावं, याचा धडा गोल्फपटू टायगर वुड्सनं १९ फेब्रुवारी २०१०ला घालून दिला, असं त्याचं ठाम मत. “तेरा मिनिटांहून जास्त बोलला. मी बायकोशी प्रतारणा केली, नियम आपल्याला लागू नाहीत असं वाटायला लागलं होतं, दोष सगळा माझा. बास! आपल्याकडे कोण बोलतं रे इतकं सरळ?”

“बोलला नाही, वाचलं त्यानं,” मेधा म्हणाली. तिनं एका पेपरच्या क्रीडा पानावर बरीच वर्षं काढली आहेत. “समोर चाळीसेक माणसं, सगळी निवडून बोलावलेली. आई पहिल्या रांगेत. पत्रकार म्हणून वृत्तसंस्थांचे तिघं, आणि प्रश्न कुणीच विचारायचा नाही. अमेरिकेतल्या गोल्फ पत्रकारांच्या संघटनेनं बहिष्कार टाकला, तो काय उगाच?”

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून गोल्फवरून भांडणारे बहुधा आम्हीच. पण भांडण गोल्फचं नव्हतंच.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी. २७ नोव्हेंबर २००९, रात्रीचे अडीच वाजत आलेले. फ्लोरिडात विंडरमियरला घरातून निघालेली वुड्सची गाडी आधी आगीच्या बंबांसाठी असलेल्या नळावर आणि मग झाडावर आदळली. त्यानंतर एकेक प्रकरण बाहेर येत गेलं. आधी ‘हा खासगी मामला आहे’ असं निवेदन, मग मोघम दिलगिरी, मग ११ डिसेंबरला विवाहबाह्य संबंधांची कबुली. नाक दाबत गेलं तसतसं तोंड उघडत गेलं.

“पण मी म्हणतो, आम्हाला कशाला सांगायचं?” नाना म्हणाले. नाना बँकेतून निवृत्त झालेत, गोल्फचा चेंडूही हातात धरलेला नाही, पण मत तयार. “बायकोला फसवलंस ना? मग तिची माफी माग. ती तर त्या हॉलमध्ये नव्हतीच.”

“अहो नाना, तो विकत काय होता ते बघा ना,” पक्या. “गुणी, संयमी, घरंदाज पोरगा. विमानतळा-विमानतळावर ॲक्सेंचर या सल्लागार कंपनीची त्याच्या फोटोची पोस्टरं. माल खोटा निघाल्यावर गिऱ्हाईक जाब विचारणार नाही?”

सुबोध वकील आहे, तो अशा वाक्याची वाटच बघत असतो. “गिऱ्हाईक ॲक्सेंचर. त्यांनी डिसेंबरातच करार मोडला. एटीअँडटी, गेटोरेड हे प्रायोजकही गेले. हिशेब मिटला. तू काय विकत घेतलं होतंस?”

पक्या जरा थांबला. “नायकीची टोपी.”

त्यात नायकीनं त्याला सोडलंच नव्हतं. उलट २०१३ला तो पुन्हा पहिल्या क्रमांकावर आला तेव्हा त्यांची जाहिरात होती: जिंकलं की सगळं निस्तरतं. पक्याला ही जाहिरात अजून आवडते. मला ती त्या तेरा मिनिटांपेक्षा प्रामाणिक वाटते, निदान धंद्याच्या बाबतीत.

नानांच्या म्हणण्याला मी माझ्या परीनं पुस्ती जोडली. एप्रिल २०१०मध्ये मास्टर्स या मोठ्या गोल्फ स्पर्धेच्या तोंडावर, ती भरवणाऱ्या ऑगस्टा नॅशनल क्लबचे अध्यक्ष बिली पेन यांनी वुड्सला जाहीर कानपिचक्या दिल्या. त्यानं आपल्या सगळ्यांचा अपेक्षाभंग केला, आपल्या मुला-नातवंडांचा तर जास्तच, असा सूर. आता हा क्लब कोणता? १९९०पर्यंत ज्याचा एकही सदस्य कृष्णवर्णीय नव्हता तो. आणि पेन हे बोलले तेव्हा तिथं एकही बाई सदस्य नव्हती, पहिल्या दोघींना २०१२ला घेतलं. असल्यांनी पोराटोरांच्या संस्कारांची काळजी करायची म्हणजे कमाल आहे. “म्हणूनच म्हणतो,” नाना खूश झाले, “घरातलं घरात ठेवावं.”

मेधा मात्र दोन्हीकडच्यांवर वैतागलेली. “तुम्ही सगळे बेडरूममध्ये अडकलात. तिथलं त्यानं सांगितलं काय, न सांगितलं काय, माझ्या पानाला फरक पडत नव्हता. माझे प्रश्न दोनच होते. त्या डॉक्टरचं काय? आणि गाडीचं काय?”

डॉक्टर म्हणजे अँथनी गलिया, कॅनडाचा. वुड्सच्या गुडघ्यावर त्यानं उपचार केले होते आणि त्या वेळी बेकायदा औषधांवरून त्याची चौकशी चालू होती. फेब्रुवारीच्या निवेदनात वुड्सनं उत्तेजकांचा संशय साफ खोटा म्हणून झटकला आणि पुढे गेला. ५ एप्रिलला ऑगस्टात खरीखुरी पत्रकार परिषद झाली, अर्ध्या तासाहून जास्त चालली, तिथं हा प्रश्न आला. तेव्हा कुठे उत्तर मिळालं: डॉक्टर घरी येत होता, माझ्याच रक्तातल्या प्लेटलेट्स वेगळ्या काढून टोचायचा, उत्तेजक कधी दिलं नाही. “पटो न पटो, हे उत्तर आहे,” मेधा म्हणाली. “खेळाबद्दल आहे, तपासून बघता येतं. आणि ते विचारल्यावरच आलं.”

इथं पक्यानं शेन वॉर्नला मैदानात आणलं. कट्ट्यावर वॉर्न काढला की अर्धी सभा तुमची. “तो बघ. सगळी लफडी उघड्यावर. २०००मध्ये इंग्लंडमधल्या नर्सला पाठवलेल्या मेसेजवरून उपकर्णधारपद गेलं, लपवलं का? हसत जगला.”

“आणि २००३ची गोळी?” मेधा. वर्ल्ड कपच्या आधी तो डाययुरेटिकमध्ये, म्हणजे लघवी वाढवणाऱ्या बंदी असलेल्या औषधात, सापडला. आईनं दिलेली गोळी घेतली, म्हणाला. एक वर्षाची बंदी घालणाऱ्या समितीला त्याची साक्ष मोघम आणि विसंगत वाटली होती. त्याच्या आधी, १९९४ला बुकीकडून पैसे घेऊन त्यानं आणि मार्क वॉनं खेळपट्टी-हवामानाची माहिती दिली, ऑस्ट्रेलियाच्या बोर्डानं गुपचूप दंड केला आणि १९९८च्या डिसेंबरपर्यंत जगाला पत्ता लागू दिला नाही. बायकांच्या बाबतीत मोकळा, खेळाच्या बाबतीत हातचं राखून. आम्ही मात्र त्याला ‘मनानं साफ’ म्हणून मोकळे झालो. शारजात सचिननं त्याला फोडलं होतं, हेही त्याच्या लाडाचं एक कारण असावं.

मी तोवर कुंपणावर होतो, इथं मेधाकडे सरकलो.

सुबोध काही हटला नाही. “गाडीबद्दल बोलायला तो बांधील नव्हता. फ्लोरिडाच्या कायद्यात लायसन्स, रजिस्ट्रेशन, विमा दाखवायचा. जबाब द्यायची सक्ती नाही. हायवे पेट्रोलनं, म्हणजे तिथल्या महामार्ग पोलिसांनी, १६४ डॉलर दंड लावला, त्यानं भरला. संपलं.”

“बरोबर. म्हणून त्यानं पोलिसांना जबाब दिलाच नाही,” मेधा म्हणाली. “मग मार्चमध्ये काय केलं? दोन चॅनलांना पाच-पाच मिनिटं दिली, सीबीएसनं या अटीवर नको म्हटलं. त्या रात्री काय झालं, या प्रश्नावर गोल्फ चॅनलला म्हणाला, सगळं पोलिसांच्या रिपोर्टात आहे. अरे, तू बोललाच नाहीस तर रिपोर्टात आलं कुठून?”

सुबोध हसला, पण २०१७ घेऊन आला. फ्लोरिडातल्याच ज्युपिटरमध्ये वुड्स थांबलेल्या गाडीत स्टिअरिंगवर झोपलेला सापडला. त्याच दिवशी निवेदन काढलं: दारू नव्हती, डॉक्टरांनी दिलेल्या औषधांचा अनपेक्षित परिणाम. श्वासाच्या तपासणीत दारू खरंच शून्य. “यापेक्षा प्रामाणिक काय असतं?”

“लघवीच्या तपासणीत वेदनाशामकं निघाली, झोपेची गोळी निघाली, आणि गांजातला घटकही निघाला. तो कुठे होता निवेदनात?”

नाना म्हणाले, पाठीच्या एवढ्या शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला गोळ्या लागणारच. ते खरंच आहे, आणि २०१९ला त्रेचाळिसाव्या वर्षी त्यानं पुन्हा मास्टर्स जिंकली तेव्हा मीही रात्र जागवून खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या होत्या. पण मेधाला २०२१ गाठायचं होतं. फेब्रुवारीत लॉस एंजेलिसजवळ ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर त्याची गाडी ८४ ते ८७ मैलांनी जाऊन उलटली. पाय वाचला हेच नशीब. काही आठवत नाही, असं त्यानं पोलिसांना सांगितलं. नोव्हेंबरात बहामात पत्रकारांनी विचारलं, तर उत्तर तेच, अकरा वर्षांपूर्वीचं: चौकशीच्या रिपोर्टात सगळं आहे, वाचा.

“बायकोबद्दल तेरा मिनिटं, गाडीबद्दल एक वाक्य,” ती म्हणाली. “उलट हवं होतं.”

सुबोधनं शेवटचा मुद्दा काढला. २००९चा अपघात घराच्या दारात, गेटबंद वसाहतीत झाला. मोडला तो नळ आणि झाड. त्याचा जाब जगानं का मागावा?

“ठीक आहे, तो सोडला,” मेधा म्हणाली. “२०२१चा हॉथॉर्न बुलेवार्डवर झाला. तिथं गेट नाही.”