सीटी व्हॅल्यूच्या तक्त्यावरून आजाराची तीव्रता ठरत नाही

श्वसनमार्गाच्या संसर्गाचा आरटी-पीसीआर अहवाल हाती आला की त्यातील सीटी व्हॅल्यूचा अर्थ लावून देणारा एक तक्ता लोक एकमेकांना पाठवतात. आकडा 20 च्या खाली असेल तर आजार गंभीर, 20 ते 30 असेल तर मध्यम आणि 30 च्या वर असेल तर सौम्य, असे त्यात म्हटलेले असते. 30 च्या वरच्या रुग्णापासून कोणाला लागण होत नाही आणि दोन दिवसांनी आकडा वाढला तर औषध लागू पडले असे समजावे, ही पुढची दोन विधाने. तिन्ही विधाने चुकीची आहेत, पण ती ज्या समजुतीवर उभी आहेत ती निम्मी बरोबर असल्यामुळे लोकांना पटतात.

बरोबर भाग असा. विषाणूचे जनुकीय द्रव्य यंत्राला दिसू लागेपर्यंत जितकी आवर्तने करावी लागतात, ती संख्या म्हणजे सीटी व्हॅल्यू. प्रत्येक आवर्तनात त्या द्रव्याच्या प्रती साधारण दुप्पट होतात. म्हणून नमुन्यात विषाणू जितका जास्त तितका आकडा कमी येतो, सुमारे 3.3 चा फरक म्हणजे दहापट आणि 10 चा फरक म्हणजे जवळपास हजारपट.

मात्र हा आकडा रुग्णाच्या शरीरातील विषाणूचा नसून स्वॅबच्या टोकाला जे लागले त्यातील विषाणूचा असतो. एचआयव्हीच्या रुग्णात व्हायरल लोड (विषाणूभार, म्हणजे विषाणूचे प्रमाण) मोजतात तेव्हा रक्तद्रव ठरलेल्या मापाने घेतला जातो आणि निकाल प्रति मिलिलिटर इतक्या प्रती असा मिळतो. नाकातल्या नमुन्याला असे माप नाही. समजा, एकाच माणसाच्या नाकातून एकाने स्वॅब नासाग्रसनीपर्यंत, म्हणजे नाकामागे घशाच्या वरच्या भागापर्यंत, नेऊन फिरवून घेतला आणि दुसऱ्याने तो नाकपुडीच्या तोंडाशीच टेकवून काढला. पहिल्याचा आकडा 22 आणि दुसऱ्याचा 27 आला, तर हिशोबाने विषाणू बत्तीसपट कमी झाला आणि तक्त्याच्या भाषेत रुग्ण सौम्यतेकडे सरकला. प्रत्यक्षात बदलला तो फक्त स्वॅब घेणारा हात. याच कारणाने अनेक किटमध्ये माणसाचे स्वतःचे एखादे जनुकही तपासले जाते. तेच सापडले नाही, तर नमुना नीट घेतला गेला नसण्याची किंवा चाचणीत अडथळा आल्याची शंका घेतात. शिवाय एकच किट विषाणूची दोन-तीन जनुके शोधते आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा येतो. एकाचा 24 आणि दुसऱ्याचा 27 असेल, तर तक्त्यात कोणता बघायचा, हे तक्ता सांगत नाही. दोन वेगवेगळ्या किटचे आकडे तर एकमेकांशेजारी ठेवण्यातही अर्थ नसतो. बहुतेक किट विषाणू आहे की नाही एवढेच सांगण्यासाठी तयार केलेली असतात.

आता तीव्रतेकडे येऊ, कारण माणसे खरी घाबरतात ती इथे. कोविडमध्ये घशातील विषाणूभार लक्षणे सुरू होण्याच्या सुमारास शिखरावर असतो आणि पुढे उतरत जातो, तर फुफ्फुसांचा आजार बळावतो तो बहुधा दुसऱ्या आठवड्यात. म्हणजे पहिल्या दिवशी 17 आकडा आलेला तरुण चार दिवसांत बरा होऊन हिंडू शकतो आणि दहाव्या दिवशी 33 आकडा असलेल्या वृद्धाला त्याच वेळी ऑक्सिजन लागू शकतो. घशातला विषाणू ओसरत असताना फुफ्फुसांत तो टिकून असू शकतो, आणि बरेचसे नुकसान शरीराच्या स्वतःच्या दाहक प्रतिक्रियेने होते. रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या गटांत जास्त विषाणूभार आणि मृत्यू यांचा संबंध काही अभ्यासांत दिसला आहे, हे मान्य केले पाहिजे. पण गटाच्या सरासरीवरून समोरच्या एका रुग्णाचे भाकीत करता येत नाही. त्यासाठी ऑक्सिजनची पातळी, श्वासाची गती, वय आणि सोबतचे आजार बघावे लागतात, आणि यांपैकी एकही गोष्ट त्या तक्त्यात नसते.

लागण होत नाही, हे विधान मला सर्वांत धोकादायक वाटते. पीसीआरला जिवंत विषाणू आणि त्याचे उरलेले तुकडे यांतला फरक कळत नाही. जर्मनीत 2020 मध्ये सौम्य आजाराच्या नऊ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात लक्षणांच्या आठव्या दिवसानंतर नमुन्यांतून जिवंत विषाणू वाढवता आला नाही, जनुकीय द्रव्य मात्र त्यानंतरही सापडत राहिले. त्यामुळे बऱ्या होत आलेल्या रुग्णाचा 34 आकडा बहुधा अवशेषांचाच असतो. पण लागण नुकतीच झालेल्या माणसाचा आकडाही 34 येऊ शकतो, आणि त्याचा विषाणूभार पुढच्या एक-दोन दिवसांत झपाट्याने वाढणार असतो. चढणीवरचा 34 आणि उतरणीवरचा 34 कागदावर सारखेच दिसतात. त्यांतला फरक लक्षणे कधी सुरू झाली आणि संपर्क कधी आला, हे विचारल्यावरच कळतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2021 मध्ये प्रयोगशाळांना हेच बजावले होते, की निकाल रुग्णाच्या लक्षणांशी जुळत नसेल तर नवा नमुना घेऊन पुन्हा तपासावे.

औषधाच्या विधानाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. आकडा औषधाशिवायही वाढतोच, कारण बहुतेकांचे शरीर विषाणू स्वतःच हटवते.

या आकड्याचा उपयोग होतो तो प्रतिकारशक्ती फार कमी झालेल्या रुग्णांत, उदाहरणार्थ अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत, जिथे विषाणू आठवडेच्या आठवडे वाढत राहू शकतो. तिथे एकाच प्रयोगशाळेत, एकाच किटवर, त्याच प्रकारच्या नमुन्याचे आकडे लागोपाठ मांडतात आणि ते खालीच राहिले तर विलगीकरण लांबवायचे का, याचा विचार डॉक्टर करतात.