एमआरआयमध्ये ऑटिझम 'दिसतो' का?

पालकांमध्ये एक मेसेज सतत फिरतो: "आता ऑटिझमचं निदान एमआरआयने होतं. एआय ९० टक्क्यांहून अचूक सांगतो, सहा महिन्यांच्या बाळातही कळतं. प्रश्नावल्या आणि निरीक्षणात वेळ घालवू नका." शेवटचा सल्ला तर सरळ नुकसान करणारा आहे.

"स्कॅनमध्ये फरक दिसतो." दिसतो, पण गटाच्या सरासरीत. एनिग्मा या आंतरराष्ट्रीय संशोधक गटाने २०१८ साली १,५७१ ऑटिस्टिक आणि १,६५१ इतर व्यक्तींचे स्कॅन एकत्र तपासले. अमिग्डाला (भावनांशी संबंधित मेंदूचा छोटा भाग) किंचित लहान, कपाळामागच्या भागात मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी किंचित जास्त, असे फरक निघाले. सर्वांत मोठा फरकही प्रमाण विचलनाच्या (माणसामाणसांत एरवीच असणाऱ्या फरकाच्या मापाच्या) सुमारे एक-पंचमांश. दोन्ही गटांतली एकेक व्यक्ती घेऊन फक्त अशा एका मापावरून ऑटिस्टिक कोण ते ओळखायला गेलात, तर शंभरात साधारण ५६ वेळा बरोबर ठराल. नाणं उडवून ५० वेळा ठरताच.

"एआय ९० टक्के अचूक." असे आकडे बहुधा लहान नमुन्यांतून येतात. हजारो मापांमधून उपयोगी मापं निवडताना चाचणीसाठी राखून ठेवलेली मुलंही वापरली, तर पेपर आधीच फुटलेला असतो.

त्याहून चिवट अडचण हालचालीची. विश्रांती-अवस्थेतल्या एफएमआरआयसाठी (काही न करता पडून असताना मेंदूचे कोणते भाग एकत्र काम करतात, म्हणजे त्यांची 'जोडणी', हे पाहणारा स्कॅन) सहा ते दहा मिनिटं, यंत्राच्या खडखडाटात, निश्चल पडून राहावं लागतं. डोकं मिलीमीटरच्या काही दशांशाने हललं तरी दूरच्या भागांमधली जोडणी कमी आणि जवळच्या भागांमधली जास्त भासते. २०१२ साली हे एकापेक्षा जास्त गटांनी दाखवून दिलं. पंचाईत अशी, की ऑटिझममध्ये नेमकं हेच घडतं असा सिद्धांत तेव्हा जोरात होता. ऑटिस्टिक मुलं सरासरीने जास्त हलतात, तेव्हा मॉडेल मेंदू शिकलं की चुळबुळ, हे आधी तपासायला हवं. दोन्ही गटांची हालचाल जुळवली होती का, हे शोधनिबंधात नसेल तर पुढचा आकडा वाचूच नका. शिवाय ज्यांना स्कॅनरमध्ये झोपणं जमत नाही, म्हणजे ज्यांना आधाराची गरज सर्वांत जास्त, ती मुलं अशा अभ्यासांत फार कमी असतात.

मोठ्या नमुन्यावर चित्र बरंच उतरतं. दोन हजारांहून जास्त व्यक्तींच्या डेटावर १४६ स्पर्धकांनी मॉडेलं बनवली. उत्तम मॉडेलांचा एयूसी (दोन गट वेगळे ओळखण्याच्या क्षमतेचं माप) सुमारे ०.८०, तर अगदी नव्या नमुन्यावर ०.७२ (१ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे निव्वळ अंदाजपंचे).

"सहा महिन्यांत कळतं." २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात ५९ बाळं होती आणि सगळ्यांचं मोठं भावंड ऑटिस्टिक होतं. दोन वर्षांच्या वयात ११ जणांना निदान झालं, त्यातले ९ स्कॅनने आधीच ओळखले होते. निकाल चांगलाच आहे. पण अशा भावंडांत शक्यता मुळातच पाचात एक असते. आता सर्वसाधारण १०,००० मुलं घ्या, त्यात १ टक्का ऑटिस्टिक धरा आणि चाचणी दोन्ही बाजूंनी, म्हणजे ऑटिझम असलेल्या आणि नसलेल्या मुलांतही, ९० टक्के अचूक माना. १०० पैकी ९० मुलं सापडतील आणि ऑटिझम नसलेल्या ९,९०० पैकी ९९० वर चुकून शिक्का बसेल. म्हणजे 'पॉझिटिव्ह' आलेल्या बारांत खरं एकच.

"प्रश्नावल्या नकोत." ऑटिझमची व्याख्याच वर्तनावर बेतलेली आहे: सामाजिक संवादातल्या अडचणी आणि पुनरावृत्तीचं वर्तन. एआयला शिकवतानाही 'हे मूल ऑटिस्टिक' हे उत्तर एडॉससारख्या (ठरावीक पद्धतीने मुलाचं वर्तन पाहण्याची चाचणी) निरीक्षणातून आणि तज्ज्ञाच्या निर्णयातूनच दिलेलं असतं.

स्पेक्ट किंवा पेट या किरणोत्सर्गी द्रव्य वापरणाऱ्या स्कॅनची रंगीत चित्रं दाखवून निदान करणाऱ्यांपासून तर दूरच राहा. कुठल्या आकड्याला लाल रंग द्यायचा हे माणूस ठरवतो, आणि मुलाला किरणोत्सर्ग मिळतो तो वेगळाच.

एमआरआय लागतो तो वेगळ्या कारणांसाठी: फिट्स येत असतील, डोक्याचा घेर फार मोठा किंवा लहान असेल, तपासणीत मज्जासंस्थेची इतर लक्षणं दिसत असतील, किंवा अंगावरच्या पांढुरक्या चट्ट्यांमुळे ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजाराची शंका असेल. लहान मुलाला त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते, म्हणून 'करून तर पाहू' एवढं कारण पुरेसं नाही. आणि रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून वर्तनाचं मूल्यमापन किंवा थेरपी थांबवू नका. बहुतेक ऑटिस्टिक मुलांचा नेहमीचा एमआरआय नॉर्मल किंवा निदानाला निरुपयोगीच असतो.