मुलाखतीच्या खोलीपर्यंत संशोधन पोहोचायला हवे

गोव्यातल्या कारखान्यांत आणि हॉटेलांत माणसे कशी निवडली जातात, याबद्दल मनुष्यबळ विभागात नोकरी करणारी व्यक्ती म्हणून मला स्पष्टपणे लिहायचे आहे. कामाच्या ठिकाणच्या मानसशास्त्रातले सर्वांत उपयोगी ज्ञान आपल्या मुलाखतीच्या खोलीत अजून नीटसे शिरलेले नाही, आणि ते तिथवर आणण्याची जबाबदारी प्राध्यापकांइतकीच आपलीही आहे, असे माझे ठाम मत आहे.

वेर्णा किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतली नेहमीची मुलाखत आठवून पाहा. बायोडेटा चाळला जातो, 'तुमी खंयचे?' हा प्रश्न येतो, मग गाव, वाडा आणि कोणी ओळखीचे निघते का याचा शोध सुरू होतो. ही आपुलकीची रीत मला मनापासून आवडते, पण निवडीचा निकष म्हणून ती अन्यायकारक आहे. ज्याची ओळख निघते त्याच्याशी गप्पा रंगतात, आणि सत्तरीतून किंवा पेडण्याहून आलेली, इंग्रजीत अडखळणारी पण कामात तरबेज असलेली मुलगी पाच मिनिटांत बाहेर पडते.

फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये निवडपद्धतींवरच्या 85 वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. मुलाखतीतले गुण आणि पुढचे प्रत्यक्ष काम यांचा सहसंबंध (0 म्हणजे काहीच नाते नाही, 1 म्हणजे पूर्ण जुळणी) त्यांना संरचित मुलाखतीत, म्हणजे सर्वांना तेच प्रश्न आणि गुण आधीच ठरलेले असतात तिथे, 0.51, तर मोकळ्या मुलाखतीत 0.38 आढळला. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये जुन्या आकडेमोडीतल्या दुरुस्त्या तपासल्यावर हे आकडे 0.42 आणि 0.19 वर आले. म्हणजे दोन्ही आकडे उतरले, पण त्यांच्यातले अंतर वाढले. नोकरीच्या वर्षांचा अनुभव, ज्याला आपण जाहिरातीत पहिले स्थान देतो, तो तर 0.07 वर आला!

संरचित मुलाखतीला महागडे सॉफ्टवेअर लागत नाही. जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार आधी लाइनवरच्या अनुभवी माणसांकडून काम बिघडल्याचे किंवा सावरल्याचे खरे प्रसंग गोळा करायचे आणि त्यांतून प्रश्न बांधायचे. औषध कंपनीतल्या पॅकिंग ऑपरेटरसाठी असा प्रश्न करता येईल: 'रात्रपाळीत ब्लिस्टरच्या एका पट्टीत गोळीची एक जागा रिकामी दिसली, बॅच संपत आली आहे आणि सुपरवायझर जेवायला गेला आहे, तुम्ही काय कराल?' मशीन थांबवून क्यूएला, म्हणजे गुणवत्ता विभागाला, कळवेन आणि बॅच रेकॉर्डमध्ये नोंद करेन, या उत्तराला 5 गुण. मशीन चालू ठेवून सुपरवायझरला बोलावेन, याला 3. तेवढी पट्टी काढून टाकून काम पुढे नेईन, याला 1. हे गुण मुलाखतीपूर्वी ठरलेले असावेत, प्रश्न सर्वांना सारखा असावा, आणि उत्तर कोकणीत किंवा मराठीत दिले म्हणून एकही गुण कापला जाऊ नये, कारण मशीन थांबवण्यासाठी इंग्रजी लागत नाही.

इतकी साधी गोष्ट रुळत का नाही? सारा राइन्स आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये 959 मनुष्यबळ व्यावसायिकांची पाहणी केली, तेव्हा संशोधनपर नियतकालिके नियमितपणे वाचणारे त्यांत 1 टक्काही नव्हते. ती पाहणी अमेरिकेतली होती, पण पाळ्यांचे तक्ते, पीएफ, कंत्राटदारांची बिले आणि वरिष्ठांची घाई यांत दिवस संपवणाऱ्या आपल्या लोकांकडून मी वेगळी अपेक्षा करत नाही. दोष केवळ न वाचणाऱ्यांचा नाही. ते लेखन व्यवस्थापकांसाठी केलेलेच नसते.

अप्रेझलचे, म्हणजे कर्मचाऱ्याच्या कामाच्या मूल्यमापनाचेही तसेच आहे. अभिप्राय दिला की काम सुधारतेच असे आपण धरून चालतो, पण क्लुगर आणि डिनिसी यांच्या 1996 च्या आढाव्यात एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरल्याचे दिसले, विशेषतः लक्ष कामावरून माणसाच्या स्वतःवर वळले तेव्हा. ज्यांच्या फॉर्ममध्ये 'वृत्ती' असा रकाना आहे, त्यांनी हे वाक्य आधी वाचावे.

माझे मागणे दोन ठिकाणी आहे. गोव्यातल्या व्यवस्थापन आणि मानसशास्त्र विभागांनी विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांसाठी केवळ समाधानाच्या प्रश्नावल्या वाटण्याऐवजी एखाद्या कारखान्याच्या एका पदासाठी असे प्रश्न आणि गुणपट्टी बांधून द्यावी, तीही मराठी-कोकणीत. आणि चवथीनंतर हंगामी भरतीला लागणाऱ्या हॉटेलांतल्या सहकाऱ्यांनी यंदा निदान हाउसकीपिंगच्या एका पदासाठी आपल्या जुन्या कामगारांना शेजारी बसवून पाच प्रसंग लिहून घ्यावेत.