आईचा 'कोंडा'

आईला सासष्टाव्या वर्षी डोक्यात गजकर्ण झालं. तिला विचारूनच लिहितेय, कारण सहा महिने ती हे पदराआड लपवत होती.

पावसाळ्यात खाज सुरू झाली आणि घरात सगळ्यांनी कोंडाच ठरवला. लिंबू झालं, खोबरेलात कापूर झाला, शाम्पू बदलून झाले. मग इथल्याच, नौपाड्यातल्या एका मेडिकलमधून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज बंद! ट्यूब थांबवली की दुपटीने सुरू. त्या मलमात स्टिरॉइड होतं. त्याने लाली, खाज दबते आणि गजकर्णाची बुरशी आतल्या आत पसरत राहते. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइडची बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. आम्हाला कुणी चिठ्ठी विचारली नाही. याचा मला आजही संताप येतो.

दिवाळीत तिला न्हाऊ घालताना टाळूच्या उजव्या बाजूला रुपयाएवढा चट्टा दिसला. केस मुळातून गेले नव्हते, कातडीलगत तुटले होते. मोहरीसारखे काळे ठिपके उरले होते. कडेला सूज, दाबलं की पू.

त्वचारोगतज्ज्ञांनी ब्लेडने हलकेच खरवडून खपली काचेवर घेतली, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं. एवढीच तपासणी! बुरशी केसाच्या आत शिरते, तिथे मलम पोचतच नाही, पोटातूनच गोळ्या लागतात. हा आजार जास्त करून लहान मुलांचा. मोठ्यांच्या डोक्याच्या त्वचेतून आपोआप सुटणारं तेल बुरशीला आवरून धरतं, पण पाळी गेल्यावर ते कमी होतं, त्यात आईला मधुमेह.

आठ आठवडे ग्रिसिओफुल्विन. ही गोळी स्निग्ध जेवणासोबत चांगली लागू पडते, म्हणून वर्षानुवर्षं तूप सोडलेली आई रोज दुपारी भातावर चमचाभर तूप घेऊन गोळी घ्यायची. कंगवा, टॉवेल, अभ्रे वेगळे केले, नातीचं डोकंही तपासून घेतलं.

"डोकं धूत नाहीस का गं?" असं एका नातेवाईक बाईंनी तिला चारचौघांत विचारलं होतं. ती एक दिवसाआड न्हायची हो! हा संसर्ग आहे, कंगव्यातून, टोपीतून, मांजरीकडूनही येतो. त्या प्रश्नानंतर तिने लग्नकार्यांना जाणं सोडलं होतं.

केस आलेत. मधोमध बोटाच्या पेराएवढी जागा गुळगुळीत राहिलीय, तिथे आता येणार नाहीत. आई डावीकडून भांग पाडते, ती जागा झाकली जाते.