खुलासा : एस्टोनियाचं कार्ड आणि 'शून्य टॅक्स'

फ्रीलान्सरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'एस्टोनियाची ई-रेसिडेन्सी घ्या, युरोपात राहायची परवानगी, बँक खातं आणि शून्य टॅक्स, सगळं घरबसल्या.'

यातलं फार थोडं खरं आहे. डिसेंबर 2014 मध्ये सुरू झालेली ही योजना म्हणजे सरकारी डिजिटल ओळखपत्र. त्यावर कंपनी ऑनलाइन काढता येते, कागदपत्रांवर डिजिटल सही करता येते. व्हिसा नाही, राहण्याचा हक्क नाही. योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरच हे स्पष्ट लिहिलंय. शिवाय कार्ड घ्यायला प्रत्यक्ष जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, 'घरबसल्या'ही संपलं.

बँक खात्याची हमी कुणीच देत नाही. एस्टोनियाशी व्यवहाराचा ठोस संबंध दिसला नाही तर बँक सरळ नकार देऊ शकते.

'शून्य टॅक्स' अर्धवट वाचनातून आलाय. नफा कंपनीतच ठेवला तर एस्टोनियात कर नाही. लाभांश काढला की 2025 पासून 100 युरोंतले 22 सरकारजमा, 78 हातात. आणि तुम्ही राहता पुण्यात किंवा नाशकात, म्हणजे ते 78 भारतातही करपात्र. परदेशी कंपनीचे शेअर्स, खातं इन्कम टॅक्स रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, दाखवावं लागतं, गुंतवणूक फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमांत बसवावी लागते. हे मेसेजवाले सांगतच नाहीत.

युरोपातले ग्राहक असणाऱ्यांना योजना उपयोगी पडू शकते, पण आधी सीएशी बोला. तो मेसेज मात्र कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.