म्हणे ‘बे’ उथळ आणि ‘गल्फ’ खोल!

जमिनीत शिरलेल्या समुद्राला इंग्रजीत ‘बे’ किंवा ‘गल्फ’ म्हणतात. ‘बे आणि गल्फ यांतला खरा फरक’ असा एक संदेश सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्यातले दावे चार: गल्फ बेपेक्षा नेहमीच मोठं असतं, बे उथळ आणि शांत, म्हणून पोहायला सुरक्षित, तर गल्फ खोल आणि धोक्याचं, बेचं तोंड रुंद, गल्फचं अरुंद, आणि हा फरक आंतरराष्ट्रीय कायद्यानेच ठरवून दिलाय. एरवी असलं काही मी न वाचताच पुसून टाकते. पण माझ्या भाचीने हे सगळं वहीत उतरवून पाठ करायला घेतलं, तेव्हा गप्प बसवेना.

आकाराचं चटकन उरकते. बंगालचा उपसागर इंग्रजीत ‘बे’ आहे. क्षेत्रफळ सुमारे 21.7 लाख चौरस किलोमीटर. ज्याला जग नुसतं ‘गल्फ’ म्हणतं ते पर्शियन आखात अडीच लाखांच्या आसपास. संपला मुद्दा.

खरा संताप आला तो दुसऱ्या दाव्याचा. पर्शियन आखातात 90 मीटरपेक्षा खोल पाणी क्वचितच सापडतं. बंगालच्या उपसागराची सरासरी खोली अडीच हजार मीटरच्या वर. म्हणजे लिहिलंय त्याच्या नेमकं उलट! बरं, चुकीचं लिहिलं इथवर ठीक, पण नाव बघून पाण्यात उतरा असं सांगायचं? कॅनडातल्या ‘बे ऑफ फंडी’त काही ठिकाणी भरती-ओहोटीतला फरक 16 मीटरपर्यंत जातो, पाच मजली इमारतीएवढा, आणि तेवढं पाणी चढायला साधारण सहा तास पुरतात. ‘शांत’ म्हणे! आणि उथळ म्हणजे सुरक्षित हे कुठून आलं? बंगालच्या उपसागराचा उत्तरेकडचा भाग खरोखरच उथळ आहे. वादळी वारा पाणी किनाऱ्याकडे ढकलतो, त्या पाण्याला खालून परत फिरायला खोली मिळत नाही, मग ते चढत जातं आणि जमिनीवर घुसतं. नोव्हेंबर 1970 च्या भोला चक्रीवादळात असंच झालं. मृतांचे अंदाज तीन ते पाच लाखांचे आहेत.

तोंडाच्या रुंदीत थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. होर्मुझच्या सामुद्रधुनीचं अरुंद तोंड असलेलं पर्शियन आखात त्या वर्णनात चपखल बसतं. पण अलास्काचं आखात सताड उघडं आहे, आणि सॅन फ्रान्सिस्को बेचं तोंड, म्हणजे गोल्डन गेट, जेमतेम दीड-दोन किलोमीटरचं.

“अगं मावशी, पण कायद्यात आहे ना?” भाचीचा शेवटचा किल्ला. आहे ना, वाचू या. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा कराराचं कलम 10. तोंडावर एक सरळ रेषा ओढायची, तिला व्यास धरून अर्धवर्तुळ काढायचं. आत शिरलेल्या पाण्याचं क्षेत्रफळ त्या अर्धवर्तुळाएवढं किंवा जास्त भरलं तर तो ‘बे’, नाहीतर किनाऱ्याचा नुसता बाक. तोंड 24 सागरी मैलांपर्यंत असेल तर आतलं पाणी त्या देशाचं अंतर्गत पाणी. एकाच देशाच्या किनाऱ्याने वेढलेल्या पाण्यापुरतं हे कलम आहे, ऐतिहासिक बे, म्हणजे पूर्वापार आपलं मानलेलं पाणी, त्यातून वगळलेत, आणि गल्फची वेगळी व्याख्या त्यात कुठेच नाही. फोन्सेकाचं आखात एल साल्वाडोर, होंडुरास आणि निकाराग्वा या तिघांच्या किनाऱ्याला लागून आहे. त्याचा वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा 1992 च्या निकालात न्यायालयाने त्या ‘गल्फ’ला काय ठरवलं? ऐतिहासिक ‘बे’.